खोट्या कागदाची शिक्षा, समुद्रापार: फ्रान्सिस ग्रीनवेबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

भारतातून पाहुणे आले की ऑपेरा हाऊस आणि पूल झाल्यावर मी त्यांना सिडनीच्या मॅक्वारी स्ट्रीटवरच्या हाइड पार्क बॅरॅक्समध्ये नेते. विटांची तीन मजली साधी इमारत आहे. मावशी, काका, भाचरं सगळे आधी विचारतात, "यात बघायचं काय?" आणि ही इमारत एका फाशीची शिक्षा झालेल्या कैद्यानं उभारली हे सांगितलं की मग प्रश्न थांबत नाहीत. गेल्या काही वर्षांत त्यांनी विचारलेले प्रश्न आणि माझी उत्तरं इथे लिहून ठेवते आहे.

फ्रान्सिस ग्रीनवे होता तरी कोण?

इंग्लंडमधल्या ब्रिस्टलजवळ मँगॉट्सफील्ड नावाचं गाव आहे, तिथे १७७७ मध्ये त्याचा जन्म झाला. घराणं पिढ्यान्‌पिढ्या पाथरवटांचं आणि बांधकाम करणाऱ्यांचं. लंडनला जाऊन तो जॉन नॅश या नामांकित वास्तुविशारदाच्या हाताखाली शिकला. परत आल्यावर भावांबरोबर ब्रिस्टलमध्ये दगडकाम, बांधकाम, आराखडे असा धंदा थाटला. क्लिफ्टन या श्रीमंत वस्तीतलं सभागृह त्याच्याच आराखड्यावर बांधलेलं आहे आणि आजही वापरात आहे. पण बांधकामाच्या धंद्यात पैसा अडकतो तसा त्यांचाही अडकला आणि १८०९ मध्ये दिवाळं निघालं.

त्यानं खोटं केलं ते नेमकं काय?

एक कागद. क्लिफ्टनमधल्या एका घराचं उरलेलं काम पुरं करायचा करार होता. कर्नल डूलन नावाच्या मालकानं ठरलेल्या रकमेवर आणखी २५० पाउंड द्यायला मंजुरी दिली आहे, असा मजकूर ग्रीनवेनं दाखवला. ती मंजुरी बनावट निघाली. मार्च १८१२ मध्ये ब्रिस्टलच्या कोर्टात त्यानं गुन्हा कबूल केला. न्यायाधीशांनी फाशी सुनावली.

२५० पाउंडांसाठी फाशी?

इथे काकांचा आवाज नेहमी चढतो. माझाही चढायचा. पण तेव्हाचा इंग्लंड कसा चालत होता ते कळल्याशिवाय ही शिक्षा कळत नाही.

सगळा व्यापार कागदावर होता. हुंडी, करारनामा, मुखत्यारपत्र, बँकेची नोट. हातातल्या कागदावरची सही खरी आहे एवढ्या भरवशावर लाखोंचे व्यवहार व्हायचे, आणि तो भरवसा मोडणारा माणूस चोरापेक्षा घातक मानला जायचा. त्यात १७९७ मध्ये फ्रान्सशी लढाई चालू असताना बँक ऑफ इंग्लंडनं नोटेच्या बदल्यात सोनं देणं बंद केलं आणि एक-दोन पाउंडांच्या साध्या छपाईच्या नोटा बाजारात आणल्या. ज्यांनी जन्मात कधी नोट हाताळली नव्हती अशा मजुरांच्या हाती त्या आल्या. त्यांची नक्कल करणं सोपं होतं. १८२१ पर्यंत, म्हणजे चोवीस वर्षांत, नोटांच्या या गुन्ह्यांसाठी तीनशेहून जास्त माणसं फासावर गेली. बँक स्वतःचे वकील लावून खटले चालवायची.

ओळखीपाळखीही कामी यायच्या नाहीत. ग्रीनवे जन्मला त्याच वर्षी डॉ. विल्यम डॉड नावाच्या प्रसिद्ध धर्मोपदेशकाला लंडनमध्ये फाशी झाली. त्यानं आपल्या जुन्या शिष्याच्या, एका उमरावाच्या नावानं ४,२०० पाउंडांचं खोटं कर्जरोखं केलं होतं. हजारो लोकांनी दयेच्या अर्जावर सह्या केल्या, तरी राजा बधला नाही. आणि आपल्याकडे, त्याच्या दोनच वर्षं आधी, १७७५ मध्ये, कलकत्त्यात महाराजा नंदकुमार यांना याच इंग्रजी कायद्याखाली बनावट दस्तऐवजाच्या आरोपावरून फाशी दिली होती. बंगालच्या रिवाजात या गुन्ह्याला मरणाची शिक्षा नव्हती. शाळेत नंदकुमारांचं नाव आपण पाठ करतो, पण हा कायदा ज्या देशातून आला तिथे तो काय करत होता हे मला सिडनीत येऊन कळलं.

इंग्लंडमध्ये या गुन्ह्यासाठी शेवटची फाशी १८२९ मध्ये झाली. १८३७ मध्ये ती शिक्षा कायद्यातून पूर्ण गेली.

मग ग्रीनवेची फाशी टळली कशी?

गुन्हा कबूल केला म्हणून. "मित्रांच्या सल्ल्यावरून" कबुली दिली असं म्हणतात, आणि कबुली दिली तर जीव वाचेल असं त्याला आधीच सांगितलं असावं. फाशीऐवजी १४ वर्षं हद्दपारीची शिक्षा झाली. ब्रिस्टलच्या न्यूगेट तुरुंगात जहाजाची वाट बघत असताना त्यानं चित्रं काढली. त्यातल्या एकात तुरुंगाच्या अंगणात कैद्यांनी मांडलेला लुटुपुटूचा खटला आहे. गळ्यात मरण अडकलेली माणसं कोर्टाचं नाटक करताहेत, आणि त्यांच्यातलाच एक जण ते कागदावर उतरवतो आहे. ही चित्रं सिडनीच्या स्टेट लायब्ररीत आहेत. ग्रीनवेला समजून घ्यायला मी त्याच्या इमारतींच्याही आधी तीच बघायला सांगेन.

प्रवास कसा होता?

भयंकर. जहाजाचं नाव 'जनरल हेविट'. हे जहाज कलकत्त्यात १८११ मध्ये बांधलेलं, ईस्ट इंडिया कंपनीच्या व्यापारातलं. त्यात ३०० पुरुष कैदी भरले. ते फेब्रुवारी १८१४ मध्ये सिडनीला पोचेपर्यंत ३४ जण दगावले होते. कारणं साधी होती: हगवण, ताप, ओली अंथरुणं, कोंदट तळमजला, वर डेकवर पुरेसं न आणणं.

त्याच वर्षी आणखी दोन जहाजं अशाच अवस्थेत आली, तेव्हा गव्हर्नरनं डॉ. विल्यम रेडफर्नकडून चौकशी करवली. रेडफर्न स्वतः नौदलातल्या बंडात सापडून कैदी म्हणून आलेला शल्यविशारद. त्यानं हवा, धुलाई, आंघोळ, खाणं यांबद्दल स्पष्ट सूचना लिहून दिल्या आणि प्रत्येक जहाजावर अधिकार असलेला डॉक्टर हवा असं सांगितलं. त्यानंतर या जहाजांवरचे मृत्यू खूप कमी झाले. १७८८ ते १८६८ या काळात ऑस्ट्रेलियात सुमारे १,६२,००० कैदी आले. त्यातले किती जण या एका अहवालामुळे जिवंत उतरले असतील!

बायकामुलांचं काय झालं?

बायको मेरी तीन मुलांना घेऊन दुसऱ्या जहाजानं पाठोपाठ निघाली आणि जुलै १८१४ मध्ये सिडनीला पोचली. हे सगळ्यांच्या नशिबी नव्हतं. बहुतेक कैद्यांच्या घरच्यांनी त्यांना जहाजात चढताना पाहिलं ते शेवटचंच.

आल्यावर त्याला बेड्या घालून कोठडीत टाकलं का?

नाही, आणि इथेच आपल्या मनातलं चित्र चुकतं. सेल्युलर जेलसारखी कोठड्यांची इमारत तेव्हाच्या सिडनीत नव्हती. अख्खी वसाहतच तुरुंग होती आणि समुद्र हीच तिची भिंत. कैद्याला सरकारी कामावर लावायचे, नाहीतर एखाद्या जमीनदाराच्या किंवा व्यापाऱ्याच्या हाताखाली द्यायचे. दुपारनंतर त्यानं स्वतःसाठी काम करून मजुरी मिळवायची आणि त्यातून राहायची सोय बघायची. वागणूक चांगली असली, किंवा हुन्नर असला, तर 'तिकीट ऑफ लीव्ह' मिळे: वसाहत सोडायची नाही, पण पोटापाण्याचा धंदा स्वतःचा. चूक केली तर फटके, पायात साखळदंड, किंवा सिडनीच्या उत्तरेकडच्या न्यूकॅसलला कोळशाच्या खाणीत रवानगी.

ग्रीनवेकडे हुन्नरही होता आणि चिठ्ठीही. वसाहतीचा पहिला गव्हर्नर आर्थर फिलिप निवृत्त होऊन ब्रिस्टलजवळच्या बाथ शहरात राहत होता. त्यानं सिडनीच्या गव्हर्नरला ग्रीनवेसाठी शिफारसपत्र लिहिलं. थोड्याच दिवसांत ग्रीनवे जॉर्ज स्ट्रीटवर स्वतःचा व्यवसाय करू लागला.

कैदी सरकारी वास्तुविशारद कसा झाला?

गव्हर्नर लॅकलन मॅक्वारीमुळे. या माणसाचं आपल्या मुंबईशी नातं आहे. तो १७८८ मध्ये ७७व्या पलटणीबरोबर मुंबईत आला, १७९३ मध्ये तिथेच जेन जार्व्हिसशी त्याचं लग्न झालं. तीन वर्षांत ती मकावला क्षयानं गेली, तर तिचं शव त्यानं मुंबईला आणून पुरलं. श्रीरंगपट्टणच्या लढाईतही तो होता. १८१० मध्ये तो न्यू साउथ वेल्सचा, म्हणजे सिडनीच्या या वसाहतीचा, गव्हर्नर झाला आणि शिक्षा भोगून झालेल्या माणसाला समाजात पूर्ण मान मिळाला पाहिजे, असं त्यानं जाहीरपणे धरून ठेवलं. त्यासाठी तिथल्या प्रतिष्ठितांचा रोषही ओढवून घेतला.

ग्रीनवेशी त्याची सुरुवात मात्र भांडणानं झाली. मॅक्वारीनं एका पुस्तकातला आराखडा देऊन त्याची नक्कल करून मागितली. ग्रीनवेनं उत्तर धाडलं की असली नक्कल करणं माझ्या कलेला शोभत नाही. अजून शिक्षा चालू असलेला कैदी गव्हर्नरला हे लिहितो! मॅक्वारीनं त्याला चांगलंच फटकारलं. तरी मार्च १८१६ मध्ये दिवसाला तीन शिलिंगांवर त्याला सरकारी वास्तुविशारद नेमलं. बनावट कागदासाठी देशाबाहेर काढलेला माणूस नक्कल करायला नाही म्हणतो, हे वाचलं तेव्हापासून तो मला आपला वाटायला लागला.

त्यानं काय काय बांधलं?

सहा-सात वर्षांत इतकं, की जुनं सिडनी म्हणजे बरंचसं ग्रीनवेच. सगळं इथे देत नाही, पायी फिरून दिसेल तेवढं सांगते.

सिडनी बंदराच्या तोंडाशी, दक्षिण टोकावरचा मॅक्वारी दीपस्तंभ हे पहिलं मोठं काम. जवळचा वालुकाश्म ठिसूळ आहे, टिकणार नाही, असं त्यानं आधीच बजावलं होतं. ऐकलं गेलं नाही. काही वर्षांत दगड झडू लागला, लोखंडी पट्टे आवळून मनोरा धरून ठेवावा लागला आणि १८८३ मध्ये शेजारीच नवा उभारला. पण नव्याचा घाट जवळजवळ त्याचाच ठेवला.

मॅक्वारी प्लेसमधला दगडी स्तंभ लहान आहे, चटकन नजरेत भरत नाही. वसाहतीच्या सगळ्या रस्त्यांचे मैल तिथून मोजायचे. नागपूरच्या पाहुण्यांना "हा इथला झीरो माइल" म्हटलं की ते लगेच फोटो काढतात.

गव्हर्नरच्या घोड्यांचे तबेले किल्ल्यासारखे बांधले. आता तिथे संगीत महाविद्यालय आहे. विंडसर गावातलं सेंट मॅथ्यू चर्च, पॅरामाटामधला स्त्री-कैद्यांचा कारखाना, आणि बॅरॅक्सच्या समोरच उभं असलेलं सेंट जेम्स चर्च ही त्याचीच कामं. सेंट जेम्सचा पाया न्यायालय म्हणून घातला होता, मधेच हुकूम बदलला आणि ग्रीनवेनं त्याच भिंतींवर चर्च केलं.

आणि हाइड पार्क बॅरॅक्स. ६०० पुरुष कैद्यांसाठी, १८१७ ते १८१९. विटा, दगड, चुना, सुतारकाम सगळं कैद्यांच्या हातचं. भिंतीला दागिना एकही नाही. उभे विटांचे पट्टे, त्यांच्यामध्ये समान अंतरावर खिडक्या, वर त्रिकोणी माथा आणि घड्याळ. पण रस्त्याच्या पलीकडे जाऊन बघा. प्रमाण इतकं नेमकं आहे की नजर कुठे अडखळत नाही. तिसऱ्या मजल्यावर कॅनव्हासच्या झोळ्या लाकडी दांड्यांना बांधलेल्या आहेत, एकीला एक लागून. माझी मावशी पंढरपूरच्या वारीत शाळेच्या व्हरांड्यात दाटीवाटीनं झोपलेली बाई. ती बराच वेळ उभी राहिली आणि म्हणाली, "कूस बदलायची झाली तर शेजाऱ्याला उठवावं लागत असेल."

खालच्या मजल्यावर उंदरांची घरटी ठेवली आहेत. खरोखरची. फरशीच्या फळ्यांखाली उंदरांनी दीडशे-दोनशे वर्षांपूर्वी ओढून नेलेल्या कापडाच्या चिंध्या, कागद, दोरे, असं कितीतरी डागडुजीच्या वेळी सापडलं. कैदी गेल्यावर इथे आयर्लंड-इंग्लंडहून आलेल्या एकट्या मुली आणि नंतर निराधार म्हाताऱ्या बायका राहायच्या, त्यांच्याही वस्तू त्यात आहेत. सरकारी दफ्तरात ज्यांचं नावसुद्धा धड लिहिलेलं नाही, त्यांच्या फाटक्या कपड्याचा तुकडा उंदरांनी जपून ठेवला. २०१० मध्ये युनेस्कोनं ऑस्ट्रेलियातल्या ११ कैदी-स्थळांना जागतिक वारसा ठरवलं, त्यात हे एक आहे.

त्याला माफी कधी मिळाली?

दोन टप्प्यांत. दीपस्तंभाचं काम झाल्यावर डिसेंबर १८१७ मध्ये सशर्त आणि १८१९ मध्ये पूर्ण. म्हणजे १४ वर्षांची शिक्षा प्रत्यक्षात सातच वर्षांत संपली.

स्वभावानं कसा होता?

तापट, अभिमानी, आणि कामात चूक दिसली की गप्प न बसणारा. बॅरॅक्सच्या शेजारी 'रम हॉस्पिटल' होतं. पैशाऐवजी रम आयात करायचा मक्ता देऊन ते बांधून घेतलं म्हणून हे नाव. ग्रीनवेनं त्याची तपासणी केली आणि ठेकेदारांनी कुठे कुठे काम मारलं आहे ते लेखी दिलं. ठेकेदार गावातले बडे लोक होते. त्यानंतर त्याला गावात मित्र उरले नाहीत.

४६व्या पलटणीतल्या कॅप्टन सँडरसननं कामाच्या वादातून त्याला चाबकानं मारलं. ग्रीनवेनं सरळ कोर्ट गाठलं आणि भरपाई मिळवली. लष्करी अधिकाऱ्याविरुद्ध कैद्याला दाद मिळणं ही त्या काळात लहान गोष्ट नव्हती.

मग एवढ्या मोठ्या माणसाला काढून का टाकलं?

लंडनहून जॉन बिग नावाचा आयुक्त १८१९ मध्ये चौकशीला आला. त्याचं म्हणणं सरळ होतं: हद्दपारी ही शिक्षा आहे, तिची धास्ती वाटली पाहिजे. इथे तर कैदी देखण्या इमारती उभारताहेत आणि गव्हर्नरच्या पंगतीला बसताहेत. तबेल्यांचा खर्च बघून तो हबकलाच. मॅक्वारी परत गेला, नवा गव्हर्नर ब्रिस्बेन आला आणि नोव्हेंबर १८२२ मध्ये ग्रीनवेला घरी बसवलं.

पुढचं सांगताना मला वाईट वाटतं. सरकारी घर सोडायला तो तयार होईना. घर माझंच आहे म्हणत त्यानं एक कागद पुढे केला, आणि तोही बनावटच असावा असं अभ्यासकांना वाटतं. त्याचा कैवार घेणाऱ्या मला हे लपवता येत नाही. पण त्याच काळात, १८२५ मध्ये, त्यानं वर्तमानपत्रात पत्र लिहून बंदरावर दोन्ही किनारे जोडणारा पूल हवा असं सुचवलं होतं. तो पूल व्हायला १९३२ उजाडलं.

खोट्या सह्यांचे सगळेच कैदी असे पुढे आले का?

मुळीच नाही. ग्रीनवेच्याच जहाजात जोसेफ लायसेट होता, नोटांची नक्कल करणारा खोदकामगार. सिडनीत उतरून वर्ष-दीड वर्ष होतं न होतं तोच गावात पोस्टाची खोटी चलनं फिरू लागली, आणि त्याच्याकडे छपाईचं यंत्र सापडलं. त्याला न्यूकॅसलला धाडलं. तिथल्या अधिकाऱ्यानं त्याच्या हातात कुंचला दिला. त्यानं काढलेल्या चित्रांमुळे तेव्हाचा तो मुलूख आणि तिथले मूळ रहिवासी कसे राहत हे आज दिसतं.

थॉमस वॉटलिंग स्कॉटलंडचा. बँकेच्या नोटा बनवल्याचा आरोप, १७९२ मध्ये सिडनीत. शिक्षेनंतर तो काही काळ कलकत्त्यात छोटी व्यक्तिचित्रं काढून राहिला. थॉमस वेनराइट हा लंडनमधला लेखक आणि चित्रकार. बँक ऑफ इंग्लंडमधले स्वतःच्याच नावचे पण हात लावायची परवानगी नसलेले पैसे काढायला त्यानं विश्वस्तांच्या खोट्या सह्या केल्या. १८३७ मध्ये जन्मठेप झाली, टास्मानियातल्या होबार्टला गेला, तिथल्या लोकांची सुंदर चित्रं काढली आणि १८४७ मध्ये तिथेच मेला.

ही नावं उरली, कारण यांच्या हातात कला होती आणि ती दिसणारी होती. जहाजातून उतरलेल्या बाकीच्या शेकडो जणांची खोटी नोट दुसऱ्या कुणी बनवलेली असायची. ते फक्त ती खिशात बाळगताना सापडायचे.

यात बायका होत्या का?

होत्या, पुष्कळ. खोट्या नोटा बाजारात चालवायचं काम अनेकदा गरीब बायकांकडून करून घेत. नोट जवळ बाळगल्याची कबुली दिली की फाशी टळून १४ वर्षं हद्दपारी मिळे. तुरुंगातून या बायकांनी बँकेच्या वकिलांना पत्रं लिहिली: मूल अंगावर आहे, थंडी आहे, पुढच्या प्रवासाला कपडे नाहीत. बँकेनं अनेकींना थोडेफार पैसे दिलेही. ज्या संस्थेनं खटला भरला तिच्याचकडे हात पसरावा लागणं, यापेक्षा लाचारी ती काय.

तिथल्या मूळ लोकांचं काय?

या इमारती गॅडिगल लोकांच्या जमिनीवर उभ्या आहेत, ती त्यांना विचारून घेतली नव्हती. ग्रीनवेची नेमणूक झाली त्याच्या पुढच्याच महिन्यात, एप्रिल १८१६ मध्ये, मॅक्वारीनं धाडलेल्या सैनिकांनी सिडनीजवळच्या ॲपिन इथे पहाटे छापा घालून किमान १४ मूळ रहिवाशांना मारलं. त्यात बायका-मुलंही होती. कैद्यांना माणुसकीनं वागवणारा गव्हर्नर तोच. मी पाहुण्यांना हे सांगितल्याशिवाय मॅक्वारीच्या पुतळ्यापुढून हलू देत नाही.

कैद्याचं चित्र नोटेवर होतं म्हणतात, खरं का?

खरं. १४ फेब्रुवारी १९६६ रोजी ऑस्ट्रेलियानं डॉलर-सेंट सुरू केले, तेव्हा पहिल्या १० डॉलरच्या नोटेवर ग्रीनवेचा चेहरा छापला. १९९३ पर्यंत ती नोट चालली. त्याच वर्षी, १९६६ संपायच्या आत, त्या नोटेच्या बनावट प्रती बाजारात सापडल्या. रिझर्व्ह बँक हादरली, शास्त्रज्ञांना बोलावलं आणि नक्कल करता येणार नाही अशा नोटेचा शोध सुरू झाला. त्यातून १९८८ मध्ये जगातली पहिली प्लॅस्टिकची, म्हणजे पॉलिमरची नोट आली. तीही १० डॉलरचीच. आज अनेक देश या नोटा वापरतात.

त्याची समाधी कुठे आहे?

शेवटची वर्षं त्यानं हंटर नदीकाठी टारो इथल्या आपल्या जमिनीवर काढली, हातात पैसा नव्हता. मेरी त्याच्या आधी गेली. सप्टेंबर १८३७ मध्ये तो वारला. ईस्ट मेटलंडच्या दफनाच्या नोंदवहीत २५ सप्टेंबर ही तारीख आहे. सिडनीहून गाडीनं अडीच तासांवर ही दफनभूमी आहे. मी एकदा गेले होते. उतारावर वाळकं गवत, कलंडलेले जुने दगड, बऱ्याच दगडांवरची अक्षरं झिजून गेलेली. ग्रीनवेचा दगड शोधू नका. पाथरवटांच्या घरात जन्मलेल्या या माणसाच्या जागेवर दगड लावलेलाच नाही.